कराचीत मागितलेला राजीनामा

‘आप राजीनामा दे दीजिए,’ हाजी अल्लाबचायो म्हणाले, ‘हम भी दे देंगे. बात खत्म.’

एवढं बोलून त्यांनी समोरचा पाण्याचा पेला उचलला, सावकाश रिकामा केला आणि खाली ठेवला. टेबलाच्या त्यांच्या बाजूला बसलेल्या माणसांनी माना हलवल्या. आमच्या बाजूला कुणीच काही केलं नाही.

आत्मारामकाका माझ्याकडे वळले. त्यांची हिंदी मासळीबाजारात भाव करण्यापुरती. त्यापुढचं काही आलं की त्यांची सगळी भिस्त माझ्यावर. ‘काय म्हणाला गं बाय?’

‘तुमचा राजीनामा मागतायत,’ मी त्यांच्या कानाशी म्हटलं. ‘आणि ते स्वतःही देणार म्हणतायत.’

डोक्यावरची टोपी काढून काकांनी गुडघ्यावर ठेवली, आणि परत घालायची विसरले.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. मोरदांडीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी आणि हिंदी शिकवत होते, आणि शब्दाचा कुणी वाकडातिकडा वापर केला की माझं डोकं फिरायचं. राष्ट्रभाषेच्या परीक्षा मी थेट ‘पंडित’पर्यंत दिलेल्या. कराचीला जाणाऱ्या तिघांत माझी वर्णी लागली ती या हिंदीमुळे, असं गावात सांगितलं जायचं. खरं कारण दुसरंच होतं आणि तेही गावाला ठाऊक होतं. माझा धाकटा भाऊ हरेश्वर तीन वर्षं कराचीच्या तुरुंगात होता.

मोरदांडी हे डहाणूच्या वरचं बंदर. आमची तरुण मुलं खलाशी म्हणून गुजरातच्या मोठ्या बोटींवर जातात. हरेश्वर वेरावळच्या जेठाभाईंच्या बोटीवर होता. दहावीला दोनदा आपटल्यावर मीच त्याला तिकडे पिटाळलं होतं. एका सकाळी दाट धुक्यात त्या बोटीने सिंधी कोळ्यांच्या एका लहान होडीला धडक दिली. होडी उलटली आणि तिच्यावरचा नूर मामद नावाचा माणूस बुडाला. सुकाणूवर हरेश्वर होता.

समुद्रात हद्द ओलांडली म्हणून आमचे खलाशी दरवर्षी पकडले जातात आणि दरवर्षी सुटतातही. दोन्ही सरकारं सणावाराला एकमेकांची माणसं सोडतात, त्यांची यादी पेपरात येते. पण आमच्या पाच जणांवर माणूस मेल्याचा खटला होता. यादी यायची आणि त्यात यांची नावं नसायची. आई मला प्रत्येक यादी दोनदा वाचायला लावायची, जणू पहिल्या वेळी मी एखादी ओळ गाळली असेल.

काकांचं दुखणं याहून जुनं होतं. आत्माराम तांडेल आमच्या मच्छीमार सोसायटीचे एकोणीस वर्षं अध्यक्ष. कराचीला गेलो त्याच्या सहा वर्षं आधी, जाळी कापल्यावरून भर समुद्रात मारामारी झाली होती. आमची एक बोट, आणि एक हाजींच्या गावची; तिकडच्या सिंधी कोळ्यांचे ते पुढारी. त्यात काकांचा मोरेश्वर डोक्यात काठी बसून पाण्यात पडला, तो मिळालाच नाही. हाजींच्या गावचे दोघे, जुमो आणि आचर, आमच्या लोकांच्या हाती लागले आणि तेव्हापासून आपल्याकडच्या तुरुंगात होते. त्यांना सोडायची गोष्ट निघाली की काका सोसायटीचा ठराव करून दिल्लीला पाठवायचे, की सोडू नये. असे सहा वर्षांत सात ठराव. त्यातले चार माझ्या अक्षरात आहेत.

आणि मग त्या वर्षी दोन्ही देशांत एकाएकी गोडीगुलाबी सुरू झाली. बस सुरू झाली, क्रिकेटचा संघ जाऊन आला, मोठी माणसं हातात हात घेऊन फोटो काढू लागली. वरून निरोप आला की किनाऱ्यावरची जुनी भांडणं दोन्हीकडच्या गावांनी बसून मिटवावीत. गावं तयार असतील तर खटल्यांचं सरकारं बघतील. म्हणून काका, जेठाभाई आणि मी असे तिघे कराचीला गेलो. काका कसे तयार झाले हे मला कोडंच होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘तुझ्या आईने सांगितलं, जा म्हणून.’

विमानतळावर आपल्या वकिलातीतला एक तरुण अधिकारी आला होता. दुभाषा मिळेल का, असं मी त्याला विचारलं तर तो हसला. तुमची आणि त्यांची भाषा एकच आहे, दुभाषा कशाला, म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याला दुसरं काम निघालं, तो सभेला आलाच नाही.

आणि खरंच, आम्हालाही आधी तसंच वाटलं. पापलेटाला तेही पापलेट म्हणतात आणि सुरमईला सुरमई. खाडीकाठी वाळत घातलेली जाळी, मासळीचा वास, मोठमोठ्याने बोलणाऱ्या बायका, सगळं ओळखीचं. पहिल्या दिवशी सभा बसली. काका उभे राहिले आणि म्हणाले, ‘हमारी एक तक्रार है.’ तिकडे एकदम आवाज चढले. उर्दूत तकरार म्हणजे भांडण, हे मला नंतर कळलं. म्हणजे आमच्या अध्यक्षांनी पाहुणे म्हणून जाऊन पहिलं वाक्य काढलं ते ‘आम्हाला भांडायचंय’ असं. मग तो अख्खा दिवस भांडणातच गेला. काका मोरेश्वरचं नाव घ्यायचे, हाजी नूर मामदचं. नूर मामद हाजींचा मुलगा. दोन म्हातारे, दोघांचीही मुलं समुद्राने नेलेली, आणि दोघेही टेबलावर मुठी आपटत होते.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी हाजींनी राजीनाम्याची गोष्ट काढली तेव्हा आम्हाला ती चांगलीच पटली. जेठाभाई तर लगेच म्हणाले, की माणूस शहाणा आहे. गुजरातीतही राजीनामा म्हणजे राजीनामाच, तेव्हा त्यांनाही शंका यायचं कारण नव्हतं. जोवर हे दोघे खुर्च्यांवर आहेत तोवर गाडा हलणार नाही, दोघांनी बाजूला व्हावं आणि ज्यांची मुलं गेलेली नाहीत त्यांनी बोलावं, असं त्यांचं म्हणणं. काकांच्या देखत हे बोलायला त्यांना जरा जड गेलं, पण बोलले.

हाजींनी जेवणाची सुट्टी दिली. मी कागद आवरत होते. माझ्या शेजारी, टेबलाच्या कोपऱ्यावर, बख्तावर बसायची. ती त्यांच्याकडची लिहिणारी, मी आमच्याकडची. खिडकीचा उजेड त्याच कोपऱ्यात येत होता, म्हणून दोघी तिथे. तिशीची असेल. गावातल्या मुलींना ती घरी लिहायला-वाचायला शिकवायची. हाजींना बाबा म्हणायची, तेव्हा मी धरून चालले होते की ही त्यांची मुलगी. दोन दिवसांत तिने मला तीनदा चहा आणून दिला होता आणि माझ्या शाळेत किती मुली आहेत ते विचारलं होतं. त्या दुपारी तिने काकांकडे बघितलं आणि मला म्हणाली, तुमच्या चाचांना बरं नाही का?

काका अंगणात जाऊन बसले होते. मी जेवणाची थाळी घेऊन गेले तर त्यांनी ती बाजूला ठेवायला सांगितली.

‘कोरा कागद आहे?’

मी वहीतला एक फाडून दिला.

‘बर्फाचा कारखाना मी आणला,’ ते म्हणाले. ‘त्याच्या आधी निम्मी मासळी कुजायची. डिझेलचा पंप आणला. दुसरं मला काय येतं? मोरू गेल्यावर सकाळी उठून सोसायटीत जायचं असायचं, म्हणून उठायचो. आता घरी बसून तुझ्या काकूचं तोंड बघू?’

मी थाळी त्यांच्याजवळ सरकवली.

‘एवढ्यावर हरेश सुटेल ना?’

‘सुटेल,’ मी म्हटलं.

त्यांनी मला मजकूर सांगितला नाही. कागद मांडीवर घेऊन स्वतः लिहू लागले. त्यांचं अक्षर मोठं, एका ओळीत चार शब्द. ‘राजिनामा’ लिहिलं, ऱ्हस्व. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी चूक दिसून दाखवली नाही. माझ्या मनात दुसरंच काहीतरी टोचत होतं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दुपारी सभा भरली तेव्हा काका टोपी घालून, सदऱ्याची सगळी बटणं लावून आले. खाली न बसता टेबलाला वळसा घालून हाजींपाशी गेले आणि दोन्ही हातांनी कागद त्यांच्यापुढे धरला. हाजींनी उठून घेतला. त्यांना आपली लिपी कुठली येणार. त्यांनी तो बख्तावरला दिला, तिने मला.

मी वाचायला उभी राहिले. ‘मैं आत्माराम पोशा तांडेल, मोरदांडी मच्छीमार सोसायटी का अध्यक्ष, यानी सदर, आज अपने पद का राजीनामा देता हूँ.’

बख्तावर लिहायची थांबली. ‘किस का?’

‘पद का. ओहदे का.’

हाजींच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी शेजारच्याला सिंधीत काहीतरी विचारलं, त्यालाही उमजेना. मग त्यांनी मलाच अगदी गंभीरपणे विचारलं, की तुमच्या सदरसाहेबांचं त्यांच्या ओहद्याशी काही भांडण आहे का? असेल तर ते मिटवायला आम्ही काय करू शकतो?

बख्तावरने ओढणी तोंडाला लावली. ‘इस्तीफा?’ ती मला हळूच म्हणाली. ‘आप इस्तीफा पढ़ रही हैं?’

तो शब्द कानावर पडला आणि मी कागद खाली घेतला. राष्ट्रभाषा पंडित! जमीन दुभंगली असती तर मी त्या कागदासकट आत गेले असते.

बख्तावरने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे राजीनामा म्हणजे समेटाचा कागद. दोन घरांच्या मध्ये एखाद्याचा मृत्यू उभा असेल तर गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी लिहून द्यायचं, की आता आमचं काही मागणं नाही, आम्ही राजी आहोत. हा कागद आल्याशिवाय कोर्ट माणूस सोडत नाही. नूर मामदसाठी तो हाजींच्या घरचे देणार होते. मोरेश्वरसाठी काकांनी द्यावा, एवढंच सकाळचं म्हणणं. खुर्चीचं कुणी नावही काढलं नव्हतं.

मी हे आमच्या बाजूला सांगितलं आणि आधी जेठाभाई हसले. मग त्यांच्याकडचा एकजण, मग सगळेच. दोन दिवसांचा ताण होता, तो हसण्यातून बाहेर पडला. हाजींचे तर डोळे पाण्याने भरले. म्हणाले, आमच्याकडे सदर मेला तरी खुर्ची सोडत नाही, आणि तुम्ही नुसतं मागितल्यावर देता?

काका हसले नाहीत. हसणं ओसरेपर्यंत ते तसेच उभे होते. मग मला म्हणाले, ‘म्हणजे मोरूचं मागतायत?’

‘हो.’

‘मी राजी आहे असं लिहायचं? मोरूच्या जाण्याला?’

खोलीत आता कुणी हसत नव्हतं.

‘त्याला सांग,’ काका म्हणाले. ‘खुर्ची ने म्हणावं. बोट ने, घर ने. राजी मी मरेपर्यंत होणार नाही.’

मी सांगितलं. एकही शब्द न बदलता सांगितलं, आणि सांगताना मनात म्हटलं, संपलं. आता हरेश्वर त्या तुरुंगातच म्हातारा होणार. आईला जाऊन काय सांगायचं, याची वाक्यंसुद्धा मी जुळवायला लागले होते.

हाजींनी जेठाभाईंना खुणेने सरकायला सांगितलं, काकांना हाताला धरून त्यांच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. बोलले ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून, माझी गरज पडू नये असं.

‘भाई, राजी तो मैं भी नहीं हूँ. सिर्फ लिख रहा हूँ.’

मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर काकांनी हाताने मला थांबवलं. त्यांना समजलं होतं.

नंतर ते दोघे काहीतरी बोलत बसले. एक सिंधी वळणाच्या उर्दूत, दुसरा बाजारी हिंदीत. मी मध्ये पडले नाही. कानावर आलं ते एवढंच, की एकाचा मुलगा सव्वीस वर्षांचा होता आणि दुसऱ्याचा एकतीस.

इकडे बख्तावरने कोरा कागद घेतला आणि उर्दूत भराभर लिहून काढला. लिहून झाल्यावर तिने आधी स्वतःची सही केली. मला वाटलं, लिहिणाऱ्याची म्हणून करतेय. ती म्हणाली, बाबांची सही नंतर, आधी बायकोची लागते.

‘किस की बीवी?’ मी विचारलं.

‘नूर मामद की,’ ती म्हणाली. ‘मैं उनकी बेवा हूँ.’

दोन दिवस मी तिच्या कोपराला कोपर लावून बसले होते. तिने आणून दिलेला चहा प्याले होते. माझा भाऊ कोण आहे ते तिला कळू नये म्हणून मी जपून बोलत होते, आडनावसुद्धा गाळत होते. रडायचं नाही असं ठरवूनही मी रडले.

तिने माझ्यापुढे पाणी सरकवलं. ‘हरेश्वर आपका भाई है, मुझे पहले दिन से मालूम है. नाक वही है.’

मग तिने सांगितलं. ती एकदा तुरुंगात त्याला बघायला गेली होती. कसा दिसतो तरी बघू, म्हणून. तो तिच्यासमोर काही बोलूच शकला नाही. नुसता खाली मान घालून उभा होता. बाकीच्या चौघांनी सांगितलं, की धडक बसल्यावर नूर मामदला शोधायला त्याने तीनदा पाण्यात उडी टाकली. तिसऱ्या वेळी त्यालाच ओढून वर काढावं लागलं.

‘उसने खुद नहीं बताया,’ बख्तावर म्हणाली. ‘इसलिए सच होगा.’

हरेश्वरने हे आम्हालाही कधी कळवलं नव्हतं. त्याच्या पत्रांत जेवण बरं आहे आणि आईला जप, एवढंच असायचं.

‘मास्तरीणबाय,’ काकांनी हाक मारली. ‘लिही.’

मी डोळे पुसून पेन उचललं.

‘माझा मुलगा मोरेश्वर याच्या बाबतीत माझं काही मागणं राहिलेलं नाही. जुमो आणि आचर यांना सोडावं. मी अडवणार नाही.’ ते थांबले. ‘राजी शब्द घालू नको.’

‘नाही घालत.’

‘वर नाव काय देणार?’

काय द्यायचं? राजीनामा म्हणावं तर दोन्हीकडून पंचाईत. शेवटी सरकारी मराठीत जे असतं तेच सुचलं आणि मी वर लिहिलं, ‘ना हरकत पत्र’. बख्तावर खाली उर्दूत उतरवायला बसणार तोच मी तिचा हात धरला. या वेळी आधी विचारलं, की तुमच्याकडे हरकत म्हणजे काय?

‘हिलना-डुलना,’ ती म्हणाली.

म्हणजे काकांनी हलायचं नाही असं लिहून दिल्यासारखं झालं असतं. दोघी हसलो. हसता हसता मी तिला अर्थ सांगितला, तिने तो उतरवला, आणि काकांनी सही केली. हाजींनी दुपारचा तो कागद, खुर्चीचा, घडी करून काकांना परत दिला. पण काकांनी गावी आल्यावर तो सोसायटीत देऊन टाकला. म्हणाले, एकदा लिहिलं ते लिहिलं.

पुढचं काम सरकारी पावलांनी झालं. कोर्टांना, कचेऱ्यांना मिळून पाच महिने लागले. आमचे पाच आणि त्यांचे दोघे एकाच दिवशी पंजाबातल्या सरहद्दीवर, अटारीच्या नाक्यावर सोडायचं ठरलं. आईला प्रवास झेपणारा नव्हता, मी एकटी निघाले. स्टेशनवर काका पिशवी घेऊन उभे. त्यांना यायचं काही कारण नव्हतं.

नाक्याजवळ एका बाकावर आम्ही सकाळपासून बसून होतो. ऊन चढायला लागलं होतं. पाच महिने जे पोटात घेऊन फिरत होते ते मला आता धरवेना.

‘काका, एक सांगायचं राहिलंय,’ मी म्हटलं. ‘हिंदीत राजीनाम्याला इस्तीफा म्हणतात. हे मी दरवर्षी सातवीला शिकवते. हाजी बोलले तेव्हाच मनात आलं होतं, की हा माणूस इस्तीफा का म्हणाला नाही. नुसतं एकदा परत विचारायचं होतं. नाही विचारलं. वाटलं, विचारलं आणि त्यांनी अट बदलली तर? तुमची खुर्ची जाऊन हरेश सुटतोय ना, मग जाऊ दे, असं वाटलं.’

काका रस्त्याकडे बघत होते. ‘मलाही वाटलं होतं,’ ते म्हणाले.

‘काय?’

‘की तो खुर्ची मागत नाही. ज्याचा पोरगा गेलाय, तो माझी खुर्ची घेऊन काय करील? त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं मला, हा मोरूचं मागतोय. म्हणून तर मी घाई केली. म्हटलं, खुर्चीवर सुटत असलो तर सुटू.’

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढे धरली.

‘मला वाटायचं,’ ते म्हणाले, ‘आधी मन राजी व्हायला लागतं, मग लिहिता येतं. त्या म्हाताऱ्याने सांगितलं नसतं तर मी तसाच उठून आलो असतो.’

तेवढ्यात पलीकडून आमची माणसं आली. हरेश्वर तिसरा होता. वाळला होता, दाढी वाढलेली, हातात एक गाठोडं. त्याने मला बघितलं आणि लहानपणी मार खायच्या आधी करायचा तसा चेहरा केला. मी त्याला धरलं ते किती वेळ धरलं मला आठवत नाही. आजूबाजूला काय चाललंय याचं भान नव्हतं.

भान आलं तेव्हा काका बाकावर नव्हते. पोलीस जुमो आणि आचरला फाटकाकडे नेत होते आणि काका त्यांच्या वाटेच्या कडेला जाऊन उभे राहिले होते. सहा वर्षं दर तारखेला कोर्टात समोर येऊन बसणारा हा म्हातारा त्या दोघांना ओळखू न येणं शक्यच नव्हतं. आचरने मान खाली घातली आणि तो पुढे गेला. दोघांतल्या कुणाची काठी मोरेश्वरला लागली, ते कोर्टातही ठरलं नव्हतं.

जुमो मात्र थांबला. पोलिसाने त्याला पुढे ढकललं नाही. तो काकांच्या समोर उभा राहिला, काहीतरी बोलायला धडपडला, आणि सहा वर्षं मराठी कैद्यांबरोबर काढलेल्या त्या माणसाला आमची निरोपाची रीत आठवली.

‘येतो, काका,’ तो म्हणाला.

काकांचे ओठ नुसते हलले. मला वाटलं, ते तोंड फिरवतील.

‘ये,’ काका म्हणाले.